जावेचं बाळंतपण

वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर धाकटा बाळ्या होता, काखेत गाठोडं होतं आणि हातात लाडवांचा डबा होता. पारनेरच्या बाजूच्या आमच्या गावाहून नगरपर्यंत एस.टी.त उभ्यानं आल्या होत्या. अशा बाईला आधी पाणी विचारावं, निदान हातातला डबा तरी घ्यावा. पण जागरणानं माझं डोकं चालत नव्हतं. एरवी फार चालतं असंही नाही. शिवाय आम्हाला मुलगी झाल्याची बातमी सांगायची मला घाई झाली होती. मी म्हणालो, "वहिनी, पोट फाडून काढावं लागलं हो. तुमच्यासारखं सोपं नव्हतं हिचं."

वहिनींनी डबा खाली ठेवला. बाळ्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"सोपं?"

"म्हणजे तसं नाही, वहिनी..."

"न्हाई न्हाई, बराबर बोलला भावजी तुमी. आमचं काय, म्हशीवानी. खाली बसलं की झालं." आणि पदराचं टोक दातात धरून त्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "बरंय बाई एकेकीचं."

हे वाक्य आलं की आमच्या घरात सगळे समजायचे, वहिनी पेटल्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उंच, काटक, काळीसावळी, कपाळावर आडवं कुंकू. कामाला वाघ आणि मनानं, खोटं कशाला बोलू, चांगली. पण हेवा हा त्यांचा श्वास होता. कुणाच्या पितळी स्टोव्हचा, कुणाच्या म्हशीच्या कासेचा, कुणाच्या सासूच्या मरणाचासुद्धा. इतरांना दुसऱ्याच्या दागिन्यांचा हेवा वाटतो. वहिनींना दुसऱ्याच्या दुखण्याचाही वाटायचा. सरपंचाच्या बायकोला चष्मा लागला तेव्हा वहिनींना अक्षरं पुसट दिसू लागली. त्यांना वाचता येत नव्हतं ही अडचण त्यांनी मध्ये येऊ दिली नाही. दादाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तर महिनाभर त्याच्या खाटेपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "बरंय बाई एकेकाचं. पडून ऱ्हायचं, लोकं नारळपानी घेऊन येत्यात." पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या बायकोला, शालनला, साखरेचा विकार निघाला. ती बातमी ऐकून वहिनी नगरला येऊन आपलीही साखर तपासून गेल्या. निघाली नाही. रिपोर्ट हातात घेऊन इतकं बारीक तोंड करून बसल्या की शालनलाच त्यांची समजूत घालावी लागली. "निघेल हो जाऊबाई, अजून वय कुठं गेलंय," असं ती म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पण मी सांगतोय ते त्याच्या पुष्कळ आधीचं, दुष्काळाच्या वर्षातलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. त्या वर्षी आमच्या खात्यात पाणी सोडून सगळं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शालनची आई तिच्या लहानपणीच वारलेली, माहेरी एकटे वडील. म्हणून वहिनींना बोलावलं. त्या आल्या त्या चार बाळंतपणांचा अनुभव घेऊन, आणि येऊन बघतात तर शालनचं पोर आडवं, कळा सुरू व्हायच्या आतच डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलेलं. म्हणजे वहिनींचा अनुभव गावाहून आणलेल्या गाठोड्यासारखा काखेतच राहिला.

दवाखान्यात त्यांनी प्रत्येक गोष्ट नजरेखालून घातली. लोखंडी खाटेला एक दांडा होता. तो फिरवला की रोग्याची पाठ आपोआप वर यायची. शालन न्हाणीत गेली की वहिनी खाटेवर बसून मला दांडा फिरवायला लावायच्या. "हां. आजून. बास." मग डोळे मिटून म्हणायच्या, "आन् आमाला गोठ्याच्या भिंतीला टेकवलं हुतं." नर्स ताप बघायला आली की वहिनी आपलाही हात पुढं करायच्या. नर्स हसून नाडी बघायची. नाडी ठणठणीत असायची, हेच तर त्यांचं दुःख होतं.

डॉक्टरीणबाई वयस्कर, पांढऱ्या पातळातल्या, तोडून बोलणाऱ्या. शालनच्या लघवीत शेवटच्या महिन्यांत साखर सापडली होती. निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली की निळ्याचं विटेसारखं तांबडं व्हायचं. ते त्यांनी आम्हाला समोर करून दाखवलं आणि वहिनींच्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे बंद. डिंक, गूळ, तूप, काही नाही. हिची साखर आधी उतरू दे."

वहिनींचा चेहरा उतरला. त्या वर्षी घरात रेशनवरची अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खात होतो आम्ही. खोबरं, खारीक, डिंक त्यांनी कुठून कुठून जमवलं ते त्यांनाच ठाऊक. "कुनासाठी केले मग?" त्या म्हणाल्या. "माज्या चारी बाळंतपनांत सासूबाईनं लाडू केले, ते पावन्यांनी आन् घरच्या बाप्यांनी संपिवले. मी निस्ता वास घेतला. म्हनलं हिला तरी नीट खाऊ घालावं."

डॉक्टरीणबाईंनी बाळ्याकडे पाहिलं. "हा अंगावर पितो ना अजून? मग तुम्ही खा. तुम्हाला चालतील."

झालं. डॉक्टरानं लिहून दिल्यासारखा रोज सकाळी एक लाडू वहिनी भिंतीला टेकून, डोळे मिटून खाऊ लागल्या. मी एकदा हात पुढं केला. "भावजी, तुमी बाळंतीन हाव व्हय?" म्हणून त्यांनी डबा मागं ओढला. खरं सांगतो, त्या महिन्यात मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका त्यांना आयुष्यात कुणाचा वाटला नसेल.

घरी आल्यावर हीच रीत पडली. शालनला ज्याची मनाई, ते वहिनींच्या वाट्याला. टाक्यांमुळे तिला शेक नको, म्हणून पेटवलेली शेगडी वाया जायला नको. पोट बांधायचं नाही, म्हणून आणलेलं जुनं लुगडं वाया जायला नको. एकदा ऑफिसातून आलो तर वहिनी बाजेवर आडव्या, खाली शेगडीत ओव्याची धुरी, डोक्याला फडकं, कानांत कापूस, पोट करकचून बांधलेलं. शालन खुर्चीत पोटावर उशी दाबून हसत होती. "अहो, यांना उठवा. मला हसवू नका, टाके तुटतील."

"हासू दे तिला," वहिनी बाजेवरून म्हणाल्या. "बाळ्या झाला तवा मी सव्वा म्हैना सोडा, न्हान धड उरकलं न्हवतं तं दुष्काळी कामावर खडी फोडाया गेल्ते. ऱ्हायलेलं बाळंतपन आता करून घेते."

तेवढ्यात पाळण्यातली पोर रडली आणि शालनचं हसू थांबलं.

कारण सगळं खरं अडलं होतं ते तिथं. शालनला दूध उतरत नव्हतं. दवाखान्यातले दिवस गेले, घरी आलो, तरी नाही. पोर तोंड लावायची, चार वेळा ओढायची आणि मान मागं टाकून तांबडीलाल व्हायची. आम्ही गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजत होतो. त्या उन्हाळ्यात दूध कसलं मिळत होतं ते विचारू नका. पोरीच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती.

आणि पोर रडली की शालनऐवजी वहिनींची चोळी भिजायची.

हे मी पुरुषानं लिहू नये, पण तेवढ्याशा घरात न दिसायला मी काही आंधळा नव्हतो. पोरीचा आवाज आला की वहिनी भाकरी थापता थापता थांबायच्या, छातीशी हात दाबायच्या, पदर पुढं ओढून घ्यायच्या. शालन ते बघायची. एका दुपारी ती झोपली असताना वहिनींनी पोरीला उचलून पाजलं. पोर पोटभर प्यायली, हातपाय सैल सोडून झोपली. शालन जागी झाली ती नेमकी तेव्हा. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि रात्री जेवली नाही.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या स्वतः घरी आल्या. शालनला तपासलं, मग वहिनींना समोर बसवलं.

"कळा नुसत्या मूल बाहेर ढकलायला नसतात," त्या म्हणाल्या. "कळा येतात तेव्हा डोक्यातली एक ग्रंथी रक्तात रस सोडते. त्याच रसानं पोट आवळतं, आणि पुढं मूल चोखायला लागलं की त्याच रसानं दूध उतरतं. हिला कळा आल्याच नाहीत. मूल झालंय हे हिच्या अंगाला अजून कळायचंय. कुणाला उशिरा कळतं. पोर भुकेली असताना हिच्याकडेच चोखत राहिली तर कळेल. तुम्ही पाजलंत तर हिचं येणार नाही. आणि अंगावर पाजलं तर हिची साखरही लवकर वळणावर येईल, असा माझा अनुभव आहे. काही दिवस बघू. नाहीच उतरलं तर डब्याच्या दुधावर टाकावं लागेल, आणि पोरीचं वजन बघता ते मला नकोय."

वहिनींनी यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. "म्हंजी कळा दिल्या त्याचा रस आमाला मिळाला म्हना की."

"हो, तसंच."

वहिनींची पाठ ताठ झाली. बाईंचा टांगा वळतो न वळतो तोच त्यांनी ही बातमी गल्लीत पोचवली. आजवर आपल्याकडे असलेली एखादी गोष्ट दुसऱ्याला हवीशी वाटेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि आता शिकलेली, मॅट्रिक झालेली, लोखंडी खाटेवर दांड्यानं वर होणारी धाकटी जाऊ त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मला हळूच म्हणाल्या, "भावजी, जळती हो ती माज्यावर." आवाजात काय सुख होतं! "माज्यावर कोन जळलंच न्हवतं आजपातुर."

त्यात गल्लीतल्या बायका बाळ बघायला यायच्या. पहिला प्रश्न ठरलेला. "कळा किती वेळ दिल्यास गं?" शालन मान खाली घालायची. मग कुणीतरी म्हणायचंच, "हिला काय, झोपली नि उठली तर पोर शेजारी." आणि वहिनी पुढं सरसावून आपल्या कळा सांगायला बसायच्या. कळ कंबरेतून कशी सुरू झाली, मांडीत कशी उतरली, खुंटा कसा धरला, ओठ कसा चावला. बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. शालनही ऐकायची, पापणी न हलवता. बायका गेल्या की मला म्हणायची, "मी आई झालेच नाही हो. मला आणून दिलीय कुणीतरी."

मी म्हणालो, "असं काय म्हणतेस, तुझ्या पोटातनंच काढली, मी बाहेर उभा होतो." या समजुतीनं ती आणखी रडली. समजूत घालणं हा माझा प्रांत नाही.

वहिनींनी डॉक्टरीणबाईंचं एक मात्र पाळलं. पोरीला पुन्हा अंगाला लावलं नाही. ती रडायला लागली की त्या बाळ्याला ओढून आणायच्या आणि त्याला घाईघाईनं पाजायच्या. बाळ्याला भूक असो नसो. तो बिचारा खेळ सोडून यायचा, पिता पिता झोपायचा. आठ-दहा दिवसांत तो नगरपालिकेच्या रोलरसारखा दिसायला लागला.

मग ती सकाळ. रविवार होता. मी बाहेरच्या खोलीत दाढी करत होतो, मधलं दार उघडं होतं. पोर रडत होती. शालन बाजेवर बसून तिला लावायचा प्रयत्न करत होती. वहिनी एरवी अशा वेळी चुलीपाशी जायच्या. त्या दिवशी त्यांनी बाळ्याला घेतलं आणि सरळ शालनसमोर जमिनीवर मांडी घालून त्याला पाजायला बसल्या.

"आसं धर. मान उचल तिची. आगं, भांडं धरतीस का पोर? साळंत गेल्तीस ना, ह्ये न्हाई शिकिवलं?"

"जाऊबाई, तुम्ही आत जा."

"का जाऊ? माजं पोरगं बी उपाशी हाय."

"तो आत्ताच भाकरी खाऊन बसलाय!"

"खाईल न्हाई तं. तुज्या पोरीवानी रडत तं न्हाई." वहिनींनी चुटकी वाजवली. "ये गं माजे बाय, हिकडं ये. तिला न्हाई व्हायाचं. ये तुज्या चुलतीकडं."

मी वस्तरा खाली ठेवला. शालनचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. लग्नानंतर माझ्यावरही नाही, आणि मी पुष्कळ संधी दिल्या होत्या.

"हात लावू नका तिला! माझी आहे ती! तुम्हाला चार आहेत ना? मग? माझं एक आहे, तेवढं राहू द्या मला!" तिनं पोरीला असं छातीशी आवळलं की पोरीचं रडणं दबलं. शालन स्वतः रडत होती, पुढं झुकून पोरीच्या टाळूवर गाल घासत होती. "पी गं, माझ्याकडं पी, बाई. माझी आहेस तू." वहिनी खालून बघत होत्या. चुटकी वाजवलेला हात तसाच हवेत होता.

थोडा वेळ गेला. मग शालन एकदम म्हणाली, "आई गं." आणि दचकून खाली बघायला लागली. "जाऊबाई, मुंग्या आल्या. हे काय होतंय?"

पोर गिळत होती. गिळल्याचा आवाज मला बाहेरपर्यंत आला. दुसऱ्या बाजूनं शालनचं पोलकं भिजत होतं.

आता इथं वहिनींनी आनंदानं उडी मारली, जावेला मिठी मारली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांनी बघितलं, पदराचं टोक दातात धरलं आणि बाळ्याला जमिनीवर ठेवलं.

"उतरलं म्हनायचं," त्या म्हणाल्या. आणि उठून चुलीकडे जाता जाता, "बरंय बाई एकेकीचं."

त्यांनी हे मुद्दाम केलं की नुसत्याच आपल्या स्वभावावर गेल्या होत्या, मला आजतागायत कळलेलं नाही. मी एकदा विचारलंही. "कशाचं मुद्दाम?" म्हणून त्यांनी मलाच मूर्खात काढलं. मात्र त्या दिवशी त्यांनी लाडू खाल्ला नाही, आणि दुपारभर विनाकारण भांडी घासत बसल्या.

दूध उतरलं ते उतरलंच. पोरीच्या मांड्या भरल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नळी दिव्यावर धरली तर निळं औषध निळंच राहिलं. "आत्ता गेली साखर," त्या म्हणाल्या, "पण चाळिशीत पुन्हा डोकावेल, जपून राहा." वहिनींनी लगेच आपलीही नळी उकळून मागितली. तीही निळीच राहिली. दोन निळ्या नळ्या शेजारी शेजारी ठेवून त्या बराच वेळ बघत होत्या, आपली अंमळ जास्त निळी आहे का ते.

सव्वा महिना संपला. निघायच्या दिवशी मी बाहेर बाळ्याला बूट घालत होतो. आत वहिनींचा आवाज आला. "शालन, बगू दे की गं येकदा."

"काय?"

"कापलेलं."

शालन लाजली असणार. मग बाजेची कुरकुर.

"बापरे," वहिनी हळू म्हणाल्या. "लई दुखलं आसंल."

"नाही हो. मला झोपवलं होतं. काही कळलंच नाही."

"काईच न्हाई?"

"काही नाही."

"आन् मी म्हनलं..." आणि मग, "हात लावू?" बाज पुन्हा कुरकुरली.

शालननं त्यांची खणानारळानं ओटी भरली, नवं इरकल दिलं. आम्ही तिघं, म्हणजे पोरीसकट, त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. वहिनींना खिडकी मिळाली. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, कुठल्याशा बाजाराला निघालेली. गाडी सुटायला वेळ होता. वहिनींना मी त्यानंतर कितीदा तरी भेटलो, त्यांचं म्हातारपण पाहिलं, पण त्या आठवल्या की मला ती खिडकीच दिसते. बाळ्या मांडीवर झोपलेला, नवं लुगडं कडक, आणि वहिनी शेजारणीकडे वळून काहीतरी रंगून सांगतायत. गाडीच्या इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. दिसत मात्र होतं. त्यांनी आपल्या पोटावर बोट ठेवलं आणि बेंबीपासून खाली एक लांब रेघ ओढली. शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. वहिनींनी मान हलवली, सोसलेल्या माणसासारखी, आणि जरा आणखी खालपर्यंत पुन्हा रेघ ओढली. गाडी हलली. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी हसू दाबत शालनला म्हणालो, "पाहिलंस? तुझं ऑपरेशन गेलं त्यांच्याबरोबर."

शालन पोरीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं करत होती. ती म्हणाली, "जाऊ दे. परवा पोस्टमास्तरीणबाई आल्या होत्या ना, त्यांना मी जाऊबाईंच्या सगळ्या कळा माझ्याच म्हणून सांगितल्यात."